विकतच्या जनावराचे दात मोजावेत



‘धर्माची गाय अन् दात का गं नाय’ अशी आपल्याकडे म्हण आहे. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, हे खरेच. पण ज्या जनावरासाठी आपण उसाच्या बिलातले, सोसायटीच्या कर्जातले किंवा वाहतुकीच्या उचलीतले पैसे मोजतो, त्याचे दात मोजलेच पाहिजेत. तिथे भीड कामाची नाही.

ऊस विकास खात्याने बेणे, लागण आणि खत यांवर लिहावे, जनावरांच्या बाजारावर कशाला, असे कोणी विचारील. आम्ही गटागटांत फिरतो तेव्हा रानाइतकाच गोठाही पाहतो. उसाला शेणखत गोठ्यातून येते. दर दहा दिवसांनी हातात येणारा दुधाचा पैसा उसाचे बिल येईपर्यंत घर चालवतो. ट्रॅक्टरमागच्या गाड्या वाढल्या तरी अडचणीच्या रानातला ऊस आजही बैलगाडीनेच निघतो. दसरा-दिवाळीला जनावरांची मोठी खरेदी होते आणि हंगाम संपला की तीच जनावरे पुन्हा बाजारात उभी राहतात. या खरेदी-विक्रीत जो ठकला, त्याचे उसाचे गणितही त्या वर्षी बिघडते. म्हणून हा लेख.

बाजाराची भाषा

सांगोल्याचा रविवारचा बाजार घ्या, काष्टीचा शनिवारचा घ्या किंवा पुसेगाव, खरसुंडीच्या यात्रा घ्या. दावणीत शिरले की कानावर ठरावीक शब्द पडतात. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. खोंड, गोऱ्हा, बैल. कालवड, पहिलारू, दुसऱ्या वेताची, गाभण, भाकड. म्हशीत वगार, रेडकू, हल्या. हे शब्द म्हणजे जनावराचे वर्ग आहेत. सौदा जनावराचा होतो असे आपल्याला वाटते, पण दर ठरतो तो या वर्गाचा. एकच गाय ‘दुसऱ्या वेताची’ म्हणून विकली तर एक किंमत आणि ‘पाचव्या वेताची’ म्हणून विकली तर दुसरी. गाय तीच, फक्त शब्द बदलला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की विकणारा जो शब्द बोलतो त्याला एकाच खुणेवरून खरे धरू नये. दात, शिंग, कास, वासरू आणि कानातला बिल्ला हे पाच साक्षीदार आहेत. पाचांची साक्ष एकमेकांशी जुळली तर सौदा करावा. एकाची जरी साक्ष फिरली तरी थांबावे.

पहिला साक्षीदार : दात

गाई-बैलांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. वर नुसती टणक हिरडी असते. नवा माणूस हे पाहून ‘वरचे दात पडले की काय’ म्हणून घाबरतो. घाबरू नये, तो निसर्गच आहे. खालचा ओठ खाली ओढून दात मोजावेत. दुधाचे दात बारीक, पांढरे आणि अरुंद असतात. कायमचे दात रुंद आणि थोडे पिवळसर असतात. ते मधून बाहेर अशा जोडीजोडीने येतात.

१) आदत : सगळे दुधाचे दात. जनावर साधारण दोन वर्षांच्या आतले.
२) दुसा किंवा दोनदाती : मधली पहिली जोडी आली. वय दोन ते अडीच वर्षे.
३) चौसा किंवा चारदाती : दुसरी जोडी आली. वय तीन वर्षांच्या आसपास.
४) सहादाती : तिसरी जोडी आली. वय साडेतीन ते चार वर्षे.
५) जुळलेला : आठही दात पूर्ण. वय साडेचार ते पाच वर्षे.

संकरित जनावराचे दात थोडे लवकर येतात, देशी जनावराचे थोडे उशिरा आणि म्हशीचे त्याहूनही उशिरा. तेव्हा चार-सहा महिन्यांचा फरक धरूनच चालावे.

खरी मेख जुळल्यानंतर आहे. आठ दात पूर्ण झाले की पुढे मोजायला नवा दात येत नाही. पाच वर्षांचाही ‘जुळलेला’ आणि अकरा वर्षांचाही ‘जुळलेला’च. इथे दातांची संख्या न पाहता झीज पाहावी. नुकत्या जुळलेल्या जनावराचे दात कडेला धारदार आणि एकमेकांना चिकटून असतात. सात-आठ वर्षांनंतर मधली जोडी वरून सपाट झालेली दिसते. दहाच्या पुढे दात आखूड होतात, त्यांच्यात फटी पडतात आणि मुळे दिसू लागतात. बाजारात ‘जुळलेला आहे’ एवढेच सांगितले की आपण विचारावे, ‘जुळून किती वर्षं झाली?’ आणि उत्तर ऐकता ऐकता ओठ खाली ओढावा.

दुसरा साक्षीदार : शिंग

शिंगांच्या बुडाशी वर्षागणिक वळी पडतात. पहिले वळे साधारण तिसऱ्या वर्षी धरले जाते. म्हणून वळी मोजून त्यात दोन मिळवले की ढोबळ वय कळते. पण ही साक्ष सहज फोडता येते. शिंगे साळून, तेल लावून, वर रंग चढवला की वळी गेली. खिल्लारीची शिंगे साळण्याची रीतच आहे आणि त्यात दर वेळी लबाडी असते असे नाही. मात्र शिंगे ताजी साळलेली असतील तर त्यांचा पुरावा धरू नये आणि दात दुप्पट काळजीने पाहावेत.

कामाचा बैल कोणता?

ऊस वाहतुकीचा बैल हा वेगळाच वर्ग आहे. आदत किंवा दुसा खोंड दिसायला कितीही देखणा असला तरी भरलेली टायरगाडी त्याच्या मानेवर देऊ नये. त्याची हाडे अजून भरायची असतात. जुळलेला पण न झिजलेला, म्हणजे पाच ते आठ वर्षांचा बैल ओढकामाला चांगला. बैल चालवून पाहावा, तोही मऊ मातीत न चालवता कठीण जमिनीवर. खूर वाढलेले वा फाटलेले नाहीत ना, चालताना मागचा पाय ओढत नाही ना, हे पाहावे. जू बसते तिथे हात फिरवावा. खांदेसूज जुनी असेल तर तिथली कातडी जाड आणि गाठाळ लागते. बैल उजव्या अंगाचा की डाव्या अंगाचा, हे विचारून घ्यावे. घरातल्या बैलाला जोडी आणायची आणि दोन्ही एकाच अंगाचे निघायचे, असे प्रसंग दरवर्षी घडतात. बसका, मारका, बुजरा या खोडी दावणीत दिसत नाहीत. त्या जुंपल्यावरच कळतात. म्हणून बाजारात एखादी भरलेली गाडी मिळाली तर बैल तिला जुंपून पाहावा. मालकाने ‘नको, दमलाय’ म्हटले तर आपणही ‘नको’ म्हणावे.

काही हंगामांपूर्वी एका गटातल्या गाडीवानाने उचलीच्या पैशातून दसऱ्यानंतरच्या बाजारात जोडी घेतली. बोली ‘सहादाती, नवी जोडी’ अशी होती. डाव्या बैलाचे दात त्याने पाहिले, ते बरोबर निघाले. उजवा अंगावर येतो म्हणून त्याचे तोंड कोणी उघडले नाही. शिंगे दोघांचीही ताजी साळलेली होती. संक्रांतीपर्यंत बैल चालला. मग खोडव्याच्या रानातून भरलेली गाडी रस्त्यावर काढताना तो खाली बसला, आणि नंतर रोजच बसू लागला. डॉक्टरांनी तोंड उघडले तर दातांत फटी. बैल दहाच्या पुढचा होता. निम्मा हंगाम त्या गाडीवानाची गाडी उभी राहिली आणि उचल फिटली नाही. पुढचा सबंध हंगाम त्याने मागच्या हंगामाचे देणे फेडण्यासाठी केला. घरची दोन माणसे कोयता घेऊन राबत होती, त्यांच्या घामाचे मोल एका न उघडलेल्या तोंडापायी गेले.

शर्यतीचा दर गाडीला देऊ नये

बैलगाडा शर्यती २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून चपळ खिल्लार खोंडांची मागणी चांगलीच वाढली. शर्यतीतही आदत, दुसा असे दातांवरून गट पडतात, त्यामुळे या खोंडांचा दर निराळ्याच हिशेबाने ठरतो. तिथे हौस बोलते. ज्याला हौस परवडते त्याने जरूर करावी. पण गाडीसाठी बैल हवा असताना पळणाऱ्या खोंडाची किंमत मोजू नये. गाडीच्या बैलाला छाती, वजन आणि सोशीकपणा लागतो. पळणारा आणि ओढणारा हे दोन वेगळे वर्ग आहेत.

जातीचे नाव

आपल्या माणदेशाकडची खिल्लार काटक आणि चपळ, उन्हात टिकणारी, पण दुधाला कमी. लातूर-उदगीरकडची देवणी अंगाने भरदार, कामाला आणि दुधाला दोन्हीकडे मध्यम. तिच्यात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगावरून प्रकार पडतात. नांदेड भागातली लाल कंधारी गडद तांबडी, कमी चाऱ्यात काम देणारी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरे पाहायला मिळतात. अकोले-इगतपुरीच्या डोंगरातली डांगी मुसळधार पावसात टिकते आणि वर्ध्याकडची गवळाऊ हलक्या अंगाची, चालीला चांगली. म्हशीत आपली पंढरपुरी लांब तलवारीसारख्या शिंगांवरून लगेच ओळखू येते. मुऱ्हाची शिंगे आखूड आणि घट्ट वळलेली असतात.

जात चांगली की वाईट असा प्रश्न नसतो. आपल्या चाऱ्याला, हवेला आणि कामाला ती जुळते का, हा प्रश्न असतो. संकरित बैलाला वशिंड नसल्यासारखेच असते, त्यामुळे जू नीट बसत नाही आणि दुपारच्या उन्हात तो धापा टाकतो. त्याला सकाळ-संध्याकाळच जुंपावे.

गाईंच्या बाजारात ‘८० टक्के एच. एफ.’, ‘९० टक्के एच. एफ.’ असे आकडे सर्रास ऐकू येतात. रंग पाहून रक्ताची टक्केवारी कोणालाही सांगता येत नाही. ती फक्त रेतनाच्या नोंदीवरून कळते. शिवाय विदेशी रक्त जास्त म्हणजे फायदा जास्त, असेही नाही. ऊन, गोचीड आणि गोचीड ताप यांचा त्रास अशाच गाईंना अधिक होतो. आपल्या हवामानात निम्म्याच्या आसपास विदेशी रक्ताची गाय सांभाळायला सोपी जाते.

तिसरा आणि चौथा साक्षीदार : कास आणि वासरू

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण दुभत्या जनावराच्या सौद्याला तंतोतंत लागू पडते. दूध कासेत असते आणि बोली तोंडात.

बाजारात येणाऱ्या गाईची आदल्या संध्याकाळची धार बहुधा काढलेली नसते. कास तुंबून टम्म दिसते आणि पाहणारा भुलतो. यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे. गाय मालकाच्या गोठ्यात पाहावी. एक धार आपल्यासमोर पूर्ण काढून कास रिकामी करावी आणि त्यानंतरच्या दोन धारा मोजाव्यात. तेच तिचे दिवसाचे दूध. धार काढल्यावर चांगली कास मऊ पडून सुरकुतते. काढूनही ती टणकच राहिली तर दूध नाही, मांस आहे असे समजावे. चारही सडांतून धार सारखी येते का, दुधात गाठी वा पाणी नाही ना, हे काळ्या कापडावर दोन पिळे घेऊन पाहावे. एक सड दगडीने गेलेला असला तर चौथा हिस्सा दूध गेले आणि किंमतही तशीच उतरली पाहिजे.

बोलीत तीन लिटरची फुगवणूक झाली तर ती किती पडते? रोजचे तीन लिटर म्हणजे ३०० दिवसांच्या दुभत्या काळात ९०० लिटर. आपल्या डेअरीच्या दराने याला गुणावे आणि मग बाजारात एक दिवस जास्त घालवणे महाग की स्वस्त, ते ठरवावे.

वेत ताडून पाहण्यासाठी पुन्हा दातांकडे यावे. संकरित गाय अडीच-तीन वर्षांची होताना पहिल्यांदा विते. म्हणजे पहिलारू संकरित गाईच्या तोंडात दोन, चार, फार तर सहा दात असावेत. दात जुळून झिजले असतील आणि बोली ‘पहिलारू’ अशी असेल तर कोणीतरी खोटे बोलत आहे, आणि दात खोटे बोलत नाहीत. देशी गाय साडेतीन-चार वर्षांची झाल्यावर विते. तिला सहा दात किंवा जुळलेले दात असणे वावगे नाही.

‘कालच व्यालीय’ म्हणतात तेव्हा वासराची नाळ पाहावी. नाळ वाळून गळालेली असेल तर वासरू कालचे नाही. वासरू त्याच गाईचे आहे का, तेही पाहावे. गाय त्याला चाटते का आणि ते न अडखळता कासेला लागते का, यावरून कळते.

गाभण म्हणून घेतलेले जनावर गाभण निघत नाही, हीही नेहमीची तक्रार. गाय नऊ महिने नऊ दिवस आणि म्हैस दहा महिने दहा दिवस, हा हिशेब आपल्याला पाठ आहे. पण नुसत्या पोटावरून गाभणपण ठरवू नये. तीन महिन्यांच्या पुढचा गाभ पशुवैद्यकाला हात घालून खात्रीने सांगता येतो. तपासणीची फी एका दिवसाच्या वैरणीइतकीही नसेल.

कालवड घेताना एक प्रश्न आवर्जून विचारावा, ‘जुळ्यातली आहे का, आणि जोडीला गोऱ्हा होता का?’ गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वेळा कायमची वांझ असते. अशी कालवड दिसायला गुटगुटीत आणि भावाला स्वस्त असते, म्हणूनच ती बाजारात येते.

भाकड आणि म्हातारे जनावर

महाराष्ट्र पशुसंरक्षण कायदा १९७६ चा आहे. त्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. १९९५ च्या सुधारणा विधेयकाला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि वळू व बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या वर्गाला ती बंदी लागू नाही. या कायद्याविषयी सभासदांत मते वेगवेगळी आहेत आणि त्या वादात आम्हाला पडायचे नाही. हिशेबाचे मात्र बोललेच पाहिजे. पूर्वी कामातून गेलेल्या बैलालाही बाजारात काही किंमत येई आणि त्यात भर घालून नवा बैल घेता येई. आता तो आधार राहिलेला नाही. म्हणून आठ-नऊ वर्षांचा बैल ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून घेताना तो किती हंगाम काम देईल आणि त्यानंतर त्याला दावणीला किती वर्षे पोसावे लागेल, हे दोन्ही मांडावे. खरेदीच्या दिवशीच शेवटच्या दिवसाचा विचार करावा.

भाकड गाय मात्र वेगळी. आटलेली पण सात महिन्यांची गाभण गाय ही भाकड नव्हे, तिला विश्रांती मिळते आहे. विण्यापूर्वी दोन महिने आटवणे आवश्यकच असते. खरी भाकड म्हणजे आटलेली आणि वारंवार भरवूनही न राहिलेली. बाजारात दोघी शेजारी उभ्या असतात आणि दिसायला सारख्याच. फरक डॉक्टरच सांगू शकतो.

पाचवा साक्षीदार : कानातला बिल्ला

पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक ही जनावराची ओळख आहे. राज्यात जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. अनेकांना हे नुसते लचांड वाटते. पण या क्रमांकावर जनावराचा मालक, जात, वय, रेतन, वेत आणि लसीकरण यांच्या नोंदी असतात. जवळच्या दवाखान्यात क्रमांक दाखवला तर नोंद पाहता येते. ‘दुसरे वेत’ म्हणणाऱ्याच्या गाईची नोंद चार वेतांची निघाली, तर सौदा तिथेच थांबतो. नोंदी अपुऱ्या असू शकतात, म्हणून हा पाच साक्षीदारांतला एक. खरेदीनंतर बिल्ला आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नये, नाहीतर विमा आणि भरपाईच्या वेळी अडचण येते.

सौदा रुमालाखाली बोटे दाबून न करता तोंडाने, चारचौघांत करावा. विसार देण्याआधी वय, वेत, दूध आणि खोडी यांची बोली साक्षीदारासमोर व्हावी, आणि बाजार समितीची पावती घेतल्याशिवाय दावे सोडू नये.

घरी आणल्यावर

२०२२ मध्ये लम्पीच्या साथीने राज्यातले बाजार बंद करावे लागले होते, ते आपण विसरलेलो नाही. नवे जनावर तीन ते चार आठवडे वेगळे बांधावे. त्याचे पाणी आणि वैरणीची भांडी वेगळी ठेवावीत. लाळ्या-खुरकुताची लस झाली आहे का, हे पाहावे. गाय पूर्वी गाभडलेली असेल तर सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी करावी. हा रोग माणसालाही होतो.

हंगामात आपण नव्या जनावरालाही वाढ्यावर घेतो. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते अंगातले कॅल्शियम बांधून टाकते. दुभत्या गाईला नुसते वाढे घालू नयेत. सोबत कडबा किंवा द्विदल चारा आणि रोज खनिज मिश्रण द्यावे. चांगली गाय आणायची आणि वाढ्यावर बसवायची, यात बाजाराचा काही दोष नाही.

दिवाळीचे बाजार जवळ येत आहेत. ज्या सभासदांना व गाडीवानांना खरेदी करायची आहे त्यांनी एकट्याने न जाता गावातल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर न्यावे आणि शक्यतो पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. बेणे घेताना आपण डोळा तपासतो, कांडी कापून पाहतो आणि मगच गाडी भरतो. जनावर घेताना ओठ खाली ओढायला एक मिनिट लागते. ते एक मिनिट कोणाच्याही भिडेपोटी सोडू नये.